जनुकपेढीला गवत ओळखणारा माणूस हवा

आपल्या पोळीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात. त्यांतली 14 एका रानगवताची आहेत. एजिलॉप्स टाउशी हे त्या गवताचे शास्त्रीय नाव. कॅस्पियन समुद्राच्या काठापासून अफगाणिस्तान आणि काश्मीरपर्यंत ते आजही बांधावर, पडीक जमिनीत आणि कधी थेट गव्हाच्या पिकात तण म्हणून उगवते. सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्या जातकुळीतल्या, 28 गुणसूत्रांच्या लागवडीच्या गव्हाशी त्याचा आपोआप संकर झाला आणि आज जगभर खाल्ला जाणारा गहू जन्माला आला. 1944 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, जपानमध्ये हितोशी किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. तेव्हापासून गव्हाला तांबेऱ्याशी लढण्याची ताकद हवी असली की पैदासकार या गवताच्या गणगोताकडे वळतात. हे गणगोत म्हणजे एजिलॉप्स ही प्रजाती. 1994 मध्ये व्हॅन स्लागेरेन यांनी तिच्यावर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यात तिच्या 22 जाती मानल्या आहेत. हातातले गवत या 22 पैकी नेमके कोणते, हे ठरवण्याचे काम आज कृषी संशोधनात दुय्यम, जवळजवळ कारकुनी समजले जाते. ही समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे. जात नीट ओळखणे हा गहू सुधारण्याच्या कामाचा पाया आहे, आणि जनुकीय तपासणी कितीही स्वस्त झाली तरी भिंग घेऊन ओंबी पाहणाऱ्या माणसाची जागा ती घेऊ शकत नाही.

हे काम अवघड का आहे, ते ओंबी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. फुलोऱ्यापूर्वी या प्रजातीतल्या बहुतेक जाती पातळ पानांच्या बुटक्या गवतासारख्या दिसतात. त्यांवरून जाणकारही पैज लावणार नाही. खरी ओळख पटते ती वाळलेल्या ओंबीवरून. पहिला प्रश्न असा की, ती तुटते कशी? काही जातींची ओंबी बुडातून मोडून अख्खी जमिनीवर पडते. टाउशीची ओंबी मात्र पेरापेरावर मोडते आणि तुटलेला प्रत्येक तुकडा छोट्या पिंपासारखा दिसतो, कारण कणिशकाला चिकटून त्याच्या शेजारचा दांडीचा तुकडाही येतो. त्यानंतर पाहायची ती कणिशकाला बाहेरून झाकणारी टणक तुसे आणि त्यांच्या टोकांची कुसळे. जेनिक्युलाटा या जातीच्या तुसावर साधारण चार, जवळपास सारखी कुसळे असतात. तिच्या जवळच्या बायअन्शिॲलिसच्या तुसावर दोन-तीनच. शारोनेन्सिस आणि लाँगिसिमा या तर सख्ख्या बहिणी. पहिलीच्या ओंबीवर बाजूच्या कणिशकांनाही कुसळे असतात, दुसरीची लांब कुसळे फक्त शेंड्याला. सीअर्सी ही जात लाँगिसिमाशी इतकी मिळतीजुळती की तिला स्वतंत्र नाव मिळायला 1977 साल उजाडले. आता कल्पना करा की गवत गोळा करणारा पंधरा दिवस उशिरा पोहोचला. ओंब्या झडलेल्या, शेंडे गेलेले, बुडाची अपुरी वाढलेली कणिशके मागे देठावर राहिलेली. जे जमिनीवरून वेचले ते पाकिटात गेले आणि पाकिटावर अंदाजाने एक नाव पडले. जनुकपेढीतल्या अनेक चुकांची सुरुवात अशीच होते.

अशी चूक कुठवर नेऊ शकते, याचे जुने उदाहरण दक्षिण फ्रान्समधले आहे. आग्द गावच्या एस्प्री फाब्र यांना गव्हाच्या शेताकडेला, तेव्हा एजिलॉप्स ओव्हाटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गवतात, काही वेगळी रोपे दिसली. ती गवतापेक्षा गव्हाकडे झुकलेली होती. त्यांनी त्यांचे बी वर्षानुवर्षे पेरले आणि दरवर्षी रोपे अधिकाधिक गव्हासारखी होत गेली. रानगवताचा गहू होताना आपण पाहिला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपभर त्यावर चर्चा झाली. डार्विनचा मुख्य ग्रंथ यायला तेव्हा काही वर्षे बाकी होती, त्यामुळे एक जात दुसरीत बदलल्याच्या या दाव्याला मोठे वजन आले. मग वनस्पतिशास्त्रज्ञ गोद्रों यांनी त्या गवतावर गव्हाचा परागकण टाकून हुबेहूब तशीच रोपे मिळवली. ती नवी जात नव्हती, गवताचा गव्हाशी झालेला संकर होता. पुढच्या पिढ्यांत गव्हाचेच पराग मिळत गेल्याने ती गव्हाकडे सरकत होती. फाब्र यांचे निरीक्षण प्रामाणिक होते, चिकाटी वादातीत होती, पण समोरचे रोप काय आहे हे ठरवण्याची पहिली पायरी निसटली आणि वर उभारलेली सगळी इमारत कोसळली. या गोष्टीला आणखी एक पुरवणी आहे. ओव्हाटा हे नाव पुढे वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या जातींना लावले. म्हणून जुन्या लेखात ते नाव दिसले की आजच्या वाचकाला आधी विचारावे लागते की, लेखकाच्या हातात जेनिक्युलाटा होती की नेग्लेक्टा. वाळवून ठेवलेला नमुना असेल तर याचे उत्तर मिळते, नसेल तर त्या लेखातली निरीक्षणे लटकत राहतात.

हा एकोणिसाव्या शतकातला किस्सा झाला, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आजच्या पैदासकाराची अडचण याहून ठोस आहे. रानगवतातले एखादे चांगले जनुक गव्हात आणायचे तर कोणती पद्धत वापरायची, हे त्या गवताच्या जातीवर ठरते. टाउशीची गुणसूत्रे तिच्याकडूनच गव्हात आलेल्या, डी नावाच्या संचातल्या गुणसूत्रांशी सहज जोडी जमवतात, म्हणून साध्या संकरातून आणि पुढच्या निवडीतून काम होते. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्राने याच वाटेने खपलीच्या जातकुळीतला गहू आणि टाउशी यांचा पुन्हा संकर घडवून हजारावर कृत्रिम गहू तयार केले. अम्बेल्युलाटा या दुसऱ्या जातीचे मात्र तसे नाही. तिची गुणसूत्रे यू संचाची, गव्हाच्या गुणसूत्रांशी ती फटकून वागतात. म्हणूनच 1956 मध्ये अर्नेस्ट सिअर्स यांना तिच्यातले पानावरच्या तांबेऱ्याला रोखणारे जनुक गव्हात आणण्यासाठी क्ष-किरणांनी गुणसूत्र तोडून त्याचा तुकडा गव्हाच्या गुणसूत्रावर बसवावा लागला. म्हणजे पाकिटावरचे जातीचे नाव ही पैदासकाराला दिलेली कामाची आखणी असते. ती चुकली तर संकरातून वांझ रोपे निघतात, किंवा अनेक हंगामांनंतर उमगते की हाती लागलेले जनुक आधीच कोणीतरी दुसऱ्या नावाच्या पाकिटातून काढलेले आहे. युगांडात 1998 मध्ये सापडलेल्या, यूजी-99 नावाने कुप्रसिद्ध झालेल्या खोडावरच्या तांबेऱ्याने गव्हाची बरीच जुनी कवचे भेदली. त्याविरुद्ध कामाला येणाऱ्या जनुकांतले एक टाउशीतले. 2013 मध्ये त्याची नेमकी रचना उलगडली. शारोनेन्सिसमधल्या तांबेरारोधक जनुकाची उकल 2022 मध्ये झाली. ही शारोनेन्सिस इस्रायल आणि दक्षिण लेबनॉनच्या किनारपट्टीवरच्या रेताड जमिनीत उगवते आणि तिथे वस्ती झपाट्याने पसरते आहे. तिचे बी लाँगिसिमा समजून ठेवले गेले, तर ती जात आपल्याकडे सुरक्षित आहे की नाही हेच कळणार नाही.

जनुकपेढ्यांतली परिस्थिती किती गोंधळाची असू शकते, याचा पुरावा टाउशीच्याच संग्रहांतून मिळाला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतले कॅन्सस राज्य विद्यापीठ, मेक्सिकोतले ते केंद्र आणि लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ यांच्याकडचे टाउशीचे अकराशेहून अधिक नमुने जनुकीय पद्धतीने तपासले गेले. निम्म्याहून अधिक नमुने दुसऱ्या कुठल्या तरी नमुन्याची नक्कल निघाले. कोणी लबाडी केली नव्हती. एका पेढीने दुसरीला बी दिले, तिने स्वतःचा क्रमांक टाकला, तिथून तिसरीकडे गेले, आणि प्रत्येक मुक्कामी मूळ नोंदीतले काही ना काही गळत गेले. शीतगृहाचा खर्च, ठरावीक वर्षांनी बी पुन्हा पेरून ताजे करण्याची मेहनत आणि पैदासकारांचा वेळ असा दुप्पट खर्ची पडत होता. याच्या उलट उदाहरणही टाउशीचेच आहे. तिच्या दोन मुख्य वंशशाखा आधी माहीत होत्या. अलीकडच्या जनुकीय अभ्यासात तिसरी शाखा सापडली, ती फक्त जॉर्जियात आढळणारी, आणि आपल्या गव्हाच्या जडणघडणीत तिचाही वाटा असल्याचे दिसून आले. हा शोध लागू शकला, कारण ते नमुने कुठून आणले याची नोंद पाकिटाबरोबर टिकून होती. ती नोंद गळाली असती तर संगणकाला वेगळेपण दिसले असते, पण ते जॉर्जियाचे आहे हे कोणालाच सांगता आले नसते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. नकला जनुकीय तपासणीनेच उघड केल्या ना? मग पानाचा तुकडा यंत्रात घालावा, उत्तर घ्यावे. भिंगवाल्या पंडितांची गरजच काय? आक्षेपातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दोन नमुने एकच आहेत की वेगळे, हे डोळ्यांपेक्षा डीएनए फार चांगले सांगतो, आणि ज्या पेढीला परवडते तिने ही तपासणी जरूर करावी. पण यंत्र तुलना करते, आणि तुलनेसाठी दुसऱ्या बाजूला खात्रीचा नमुना लागतो. हा जनुकक्रम शारोनेन्सिसचा, असे विधान तेव्हाच करता येते जेव्हा कोणा जाणकाराने आधी एक रोप पाहून, ओंबी तपासून, ते वाळवून, त्यावर नाव लिहून ठेवलेले असते. तो संदर्भ चुकीचा असेल तर त्याच्याशी जुळणारा प्रत्येक नमुना यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या नावाने जाहीर करते. जमिनीच्या व्यवहारात मोजणी आणि सातबारा यांचे जे नाते आहे, तेच इथे आहे: मोजणी कितीही अचूक झाली तरी हद्द कळते, जमीन कोणाच्या नावावर हे उताऱ्यातूनच कळते, आणि उतारा चुकला असेल तर अचूक मोजणीने वाद मिटत नाही. शिवाय एक व्यवहाराची बाब आहे. गोळा करण्याचा निर्णय रानात होतो. डोंगरउतारावर शेजारीशेजारी उगवलेल्या दोन गवतांतले वेगळे कोणते, हे तिथल्या तिथे ज्याला दिसत नाही, तो एकाचेच बी भरून आणतो. जे पाकिटात आलेच नाही, त्याची तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. एजिलॉप्सच्या जाती एकमेकींत मिसळतात, मग त्यांच्यात रेषा आखण्याचा अट्टहास कशाला? हाही आक्षेप हवेतला नाही. झोहारी आणि फेल्डमन यांनी 1962 मध्ये मांडले की, या प्रजातीतल्या 28 गुणसूत्रांच्या जातींच्या एका गटात एक जनुकसंच जवळपास जसाच्या तसा टिकतो आणि दुसरा परस्पर संकरांतून बदलत राहतो. जेनिक्युलाटा आणि बायअन्शिॲलिस यांच्यात तो टिकलेला संच यू आहे, म्हणून त्यांचे दिसणेही एकमेकींच्या जवळ जाते. मधली रोपे खरोखर सापडतात. नेग्लेक्टा तर 28 आणि 42 अशा दोन्ही गुणसूत्रसंख्यांत आढळते. पण यावरून रेषा निरर्थक ठरत नाहीत; उलट त्या काळजीने आखाव्या लागतात. अमुक नमुना संकराचा आहे, हे वाक्यच मुळात दोन जाती ओळखता आल्याशिवाय बोलता येत नाही. गोद्रों यांनी फाब्र यांचे कोडे सोडवले ते जाती नाकारून नव्हे, दोन्ही पालक नेमके कोण हे ओळखून. आणि चांगला जाणकार कोणते गवत खात्रीने ओळखले, कोणते शंकेने, हेही लिहून ठेवतो. ती शंका हीसुद्धा माहितीच असते. पुढच्या अभ्यासकाला ती कुठे पाहायचे ते सांगते.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. ही गवते भूमध्य समुद्राकाठची आणि पश्चिम-मध्य आशियातली. महाराष्ट्रात ती रानात उगवत नाहीत. मग मराठी वाचकाने आणि इथल्या करदात्याने यात का पडावे? उत्तर तांबेऱ्यात आहे. डॉ. के. सी. मेहता यांच्या संशोधनाने दाखवले की, मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याची बुरशी तग धरत नाही. ती डोंगरांत टिकते आणि तिथून वाऱ्याने पुन्हा पसरते. दक्षिणेकडचा तिचा आसरा नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तिच्या उत्तरेकडच्या वाटेवर पहिल्यांदा येतात ती दख्खनची गव्हाची शेते. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर स्वतंत्र संशोधन केंद्र आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने गव्हाचे वाण दिले आहेत, ते याच गरजेतून. सांगली-साताऱ्याकडची खपली तर टाउशीच्या त्या जुन्या जोडीदाराच्याच घराण्यातली. तांबेऱ्याची बुरशी बदलत राहते, म्हणून रोधक जनुकांचा नवा साठा सतत लागतो आणि त्यातला मोठा भाग या परदेशी गवतांत आहे. त्यांचे बी योग्य नावाने आपल्यापर्यंत पोहोचते की नाही, हा आपल्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे. उलट दिशेने धोकाही आहे. याच प्रजातीतली सिलिंड्रिका अमेरिकेत गव्हातले त्रासदायक तण आहे. तिच्यातही डी संच असल्याने ती गव्हाशी संकर करते. इमॅझामॉक्स हे तणनाशक सहन करणारे गव्हाचे वाण तिथे आले, तेव्हा तो गुण संकरातून या तणात जाण्याची भीती होती आणि ओरेगॉनच्या शेतांत असे संकर सापडलेही. रोपावस्थेत तिची खूण म्हणजे पानाच्या कडेला सारख्या अंतरावर उभे असलेले केस. आयात बियाण्याची तपासणी करणाऱ्याला खजिन्याचे गवत आणि उपद्रवी गवत यांत फरक करता आला नाही, तर एक अडवले जाईल आणि दुसरे आत येईल.

मग करायचे काय? दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. सगळे एका वर्षात तपासा, अशी मागणी पोकळ ठरेल. पण तीन गोष्टी ताबडतोब शक्य आहेत. पहिली, पिकांच्या रानटी नातलगांचा कोणताही नवा नमुना अख्ख्या रोपाच्या वाळवलेल्या जोडनमुन्याशिवाय दाखल करू नये. बुडासकट ओंबी, गोळा केल्याची जागा आणि तारीख यांसह. दुसरी, बी ताजे करण्यासाठी जेव्हा जेव्हा पेरले जाईल, तेव्हा पिकलेली ओंबी जाणकाराने पाहून आपल्या नावाने आणि तारखेने निर्णय नोंदवावा. वनस्पतिसंग्रहालयांत यासाठी एक शहाणी पद्धत आहे. नमुन्याचे नाव बदलले तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. नवी तिच्याशेजारी चिकटवतात. शंभर वर्षांत कोणी काय मानले आणि का बदलले, ते एका कागदावर वाचता येते. संगणकाच्या तक्त्यात जुने नाव पुसून नवे टाकायला क्षण लागतो आणि चूक कुठे झाली याचा मागही त्याच क्षणी पुसला जातो. जनुकपेढ्यांच्या नोंदींनी ही जुनी शिस्त उचलावी. तिसरी गोष्ट माणसांची. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी 1935 मध्ये मुंबई इलाख्यातल्या गवतांवर ग्रंथ दिला, बोर यांनी 1960 मध्ये भारतासह शेजारच्या देशांतल्या गवतांवर. ही परंपरा आपल्याकडे तुटलेली नाही, पण तिला कृषी विद्यापीठांत नेमून दिलेले पद क्वचितच असते. ती एखाद्या प्राध्यापकाच्या आवडीवर तगते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर संपते.

यावर पैशाची अडचण सांगितली जाईल. भिंग, वाळवणाचे दाबयंत्र आणि जाड कागद यांचा खर्च नगण्य आहे. खर्च आहे तो दहा-पंधरा वर्षे एकाच गवतकुळावर नजर तयार करणाऱ्या माणसाच्या पगाराचा. तो खर्च चुकीच्या पाकिटातून सुरू झालेल्या पैदास-प्रकल्पाच्या शेजारी ठेवून पाहिला तर महाग काय, याचा हिशेब करायला अर्थशास्त्र लागत नाही. कृषी विद्यापीठांच्या पुढच्या भरतीत रोगशास्त्रज्ञ असतील, जैवतंत्रज्ञ असतील. त्यांच्या यादीत गवतांचा एक वर्गीकरणतज्ज्ञही असावा, आणि त्याच्या सहीशिवाय रानटी नातलगाचा एकही नमुना पेढीत जाऊ नये.